घंगाळ देऊन घेतलेल्या शिवराया

तलाठीबाई आल्या तेव्हा मी अंगणात वालाच्या शेंगा झोडत होतो. त्यांनी कागद पुढं केला आणि म्हणाल्या, "आजोबा, इथं सही लागेल."

मी कागद हातात घेतला. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण सही करण्याआधी कागद पुरता वाचायचा ही सवय मी सोडलेली नाही. माझं नाव होतं, शेताचा गट नंबर होता, आणि मधे एक शब्द होता, निखात निधी.

"हे काय?"

"जमिनीत पुरलेलं धन, आजोबा."

"माझ्याकडं धन कुठलं आलं, बाई? वाल हायत. पायजेत तर पिशवीभर न्या."

त्या हसल्या, पण हात मागे घेतला नाही. "तुम्हीच पेपरात सांगितलंय ना? नांगरताना जुन्या पैशांनी भरलेला तांब्या सापडला म्हणून. सापडलं की सरकारला कळवावं लागतं. तुम्ही कळवलं नाही. सोमवारी वस्तू घेऊन रोह्याला यायचं, तहसील कचेरीत."

मी सही केली. सांगितलं होतं ते मीच. पेपरवाल्यानं पदरचं काही घातलं नव्हतं. आणि मी सांगितलं होतं ते खोटं होतं.

आता खरं काय ते लिहितो.

पेणला बाजारात एक भांड्यांचं दुकान होतं, तिथं मी एकतीस वर्षं कामाला होतो. आमचं गाव रोह्याकडचं. आधी एसटीनं जायचो, मग रेल्वे झाली तेव्हा गाडीनं. माझं काम मोडीचं. लोक तांब्यापितळेची जुनी भांडी आणायचे आणि त्या बदल्यात स्टीलची न्यायचे. जुनं आलं की मी तांबं वेगळं, पितळ वेगळं करायचो, लोखंडी कड्या काढायचो, भांडं हातोड्यानं ठेचून चपटं करायचो म्हणजे पोत्यात जास्त बसतं. पोती भट्टीला जायची. तिथून ते कुठं आणि काय होऊन जायचं कुणास ठाऊक.

त्या मोडीत नाणी यायची. कळशीच्या बुडाला चिकटलेली, डब्यात विसरलेली, कधी मूठभर मुद्दाम विकलेली, कारण विकणाऱ्याच्या लेखी ते तांबंच. पहिली शिवराई, म्हणजे मराठ्यांच्या राज्यातला तांब्याचा पैसा, मी उचलली तेव्हा तिच्यावरची अक्षरं बोटाला लागली. मी ती शेठजींना दाखवली. ते म्हणाले, "तुला हवी तर घे, पण पोत्याचं वजन कमी पडता कामा नये. जेवढं नेशील तेवढं तांबं टाक."

तीच मग रीत झाली. एका पारड्यात नाणं, दुसऱ्यात माझं तांबं. मोडकी पळी, वायरचे तुकडे, फुटकी आचमनी, जे हाताशी असेल ते. काटा मधोमध आला की नाणं माझं. एकतीस वर्षांत मी एकही नाणं फुकट उचललेलं नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. घरच्या स्टीलच्या डब्यात आज चारशेच्या वर नाणी आहेत. प्रत्येक नाणं कागदाच्या पुडीत, आणि पुडीवर मी तराजूचं चित्र काढलेलं. कुठल्या राजाचं ते मला ओळखता येत नव्हतं, पण कसं मिळालं ते तर काढता येत होतं.

एकच नाणं त्या डब्यात नव्हतं. ते चांदीचं, वाटाण्यापेक्षा थोडं मोठं, देव्हाऱ्यात देवाच्या टाकांशेजारी असायचं. ते माझं नव्हेच. आमची धाकटी पोटात असताना बायको आवणीला, भाताची रोपं लावायला, उतरली होती, तेव्हा चिखलात तिच्या बोटांना लागलं. तिनं ते धुतलं, देवापुढं ठेवलं, आणि रोज त्याला हळदकुंकू लावत आली. मी कधी पुडीत बांधलं नाही.

तर तो तांब्या. एका दिवशी पोतं उपसताना हाताला जड लागला. हिरवा पडलेला, तोंड जवळजवळ मिटलेलं. मी सवयीनं दोन हातोडे घातले आणि थांबलो, कारण आतून पोकळ आवाज आला नाही. फटीतून बघितलं तर आत शिवराया. एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झालेला. काट्यावर घातला, पावणेदोन किलो. भट्टीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती.

पावणेदोन किलो तांबं मी कुठून आणणार? घरात तेवढं एकच होतं, बायकोचं घंगाळ. लग्नात तिच्या माहेरून, कोलाडकडून आलेलं. ती त्या आठवड्यात माहेरीच होती. मी संध्याकाळी घरी आलो, घंगाळ परसात उलथं घातलं आणि छिन्नीनं कापलं. एका कडीसकट अर्धं कापलं. सकाळी पेणला नेऊन पारड्यात टाकलं. काटा मधोमध आला. शेठजी माझ्याकडं बघत राहिले.

ती माहेराहून आली, उरलेलं अर्धं बघितलं. ॲल्युमिनियमच्या डेगीत पाणी तापवायला लागली. अर्धं घंगाळ तिनं माळ्यावर टाकलं, विकू मात्र दिलं नाही.

असा तो तांब्या माझा झाला. मग मी शेतात सापडला असं का बोललो?

गेल्या वर्षी रोह्याच्या एका शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. मलाही बोलावणं आलं. शेजारच्या टेबलावर रोह्यातले एक निवृत्त सर होते. मोठ्या जमीनदार घरातले, जमिनी गेल्या पण बोलण्यातला रुबाब राहिला. त्यांची नाणी मखमलीच्या खणांत, खाली छापील चिठ्ठ्या. माझा डबा आणि पुड्या. तसे ते मला वीस वर्षं ओळखत होते, दोनदा घरी येऊन नाणी मागूनही गेले होते. मी दिली नाहीत. त्या दिवशी पाहुणे आले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे आमचे मोडवाले. भंगारातून काय काय उकरून काढतात, बघण्यासारखं आहे."

लोक हसले. वाईट हसले असं नाही. पण माझ्या पोरींच्या वयाच्या बाया तिथं होत्या, नातवाचे मास्तर होते.

तेवढ्यात पेपरवाल्यानं विचारलं, "काका, हा तांब्या कुठला?"

"आमच्या शेतातला," मी म्हणालो. "नांगराच्या फाळाला लागला. वाडवडलांचा असंल."

सरांचा हात माझ्या खांद्यावरून उतरला. मला इतकं बरं वाटलं, की मी पुढं अजून चार गोष्टी सांगितल्या. कुठला बांध, किती खोल, बैल कसा अडला ते सगळं. आमच्याकडं बैल राहिले नाहीत त्याला बारा वर्षं झाली होती.

पेपरात फोटो आला. गावानं शाल दिली, नारळ दिला. आणि पुढच्या पंधरवड्यात एका सकाळी शेतावर गेलो तर बांधाला सात खड्डे. कोणी तरी नशीब आजमावून गेलं होतं. मी खड्डे बुजवले. तरी मी खरं बोललो नाही. लोक त्या तुकड्याला 'धनाचा तुकडा' म्हणायला लागले आणि मला ते ऐकायला आवडायला लागलं, हे कबूल करतो.

नोटीस आली त्या दिवशी मी बायकोला वाचून दाखवली. ती वाल पाखडत होती.

"खरं सांगा नि मोकळं व्हा," ती म्हणाली.

"गावानं शाल दिलीय, गो. ती परत करावी लागंल."

"ती मी गोधडीत शिवली. आता काय उसवू?"

"तो सर तिथं असंल."

"असंल. मग?"

मी मनात हिशेब मांडला. शेतातला म्हणत राहिलो तर तांब्या सरकारजमा, आणि कळवला नाही म्हणून वर गुन्हा. कोण जाणे, तांब्यापाठोपाठ सगळा डबाही नेतील. भंगारातला म्हटलं तर डबा वाचेल, पण मी सगळ्या रोहे तालुक्यासमोर खोटारडा.

शनिवारी पेणला गेलो. शेठजी वारले त्याला बरीच वर्षं झाली. दुकान आता मुलाकडं आहे, मिक्सर, कुकर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्याला मी लहानपणी खांद्यावर बसवून गणपती बघायला नेलेला. चहा मागवला त्यानं. मी म्हणालो, "दोन ओळी लिहून दे. तांब्या इथल्या मोडीतला, बदली तांबं देऊन घेतला, एवढंच."

तो पेन घेऊन बसला, आणि मग त्यानं पेन खाली ठेवलं.

"काका, उद्या मलाच विचारतील. तुमच्या दुकानातून जुन्या वस्तू जात होत्या, मग बाकीच्या कुठं गेल्या? मी काय सांगू?"

"बाकीच्या भट्टीत गेल्या. तेच सांग."

"ते सांगितलं तर आणखीच वाईट, काका."

त्याचं चूक नव्हतं. माझा चहा अर्धा राहिला, तो तसाच ठेवून उठलो. गाडीत बसलो तेव्हा मधली स्टेशनं कधी आली नि गेली ते कळलं नाही. सगळा वेळ मी मनात एकच वाक्य जुळवत होतो, आणि ते जुळत नव्हतं.

सोमवारी मी डबा आणि तांब्या घेऊन निघालो. बायको मागून आली, हातात गोणपाटाची पिशवी.

"तू कशाला?"

"तुमच्या मागं नाय येत मी. कचेरी सगळ्यांची हाय."

तहसीलदार साहेब तरुण होते, माझ्या धाकटीपेक्षाही लहान. बोलणं साधं. बाजूच्या खुर्चीवर सर बसलेले. जाणकार म्हणून त्यांना बोलावलेलं. त्यांच्यासमोर कोरा कागद आणि भिंग. त्यांनी मला नमस्कार केला. मी केला नाही.

साहेबांनी विचारलं, "सापडल्यावर कळवलं का नाही?"

मी त्याचं उत्तर दिलंच नाही. मला राग आला होता, आणि राग आला की मी दुसरंच बोलतो. म्हणालो, "साहेब, एक विचारू? हे चारशे पैसे आज तुमच्या टेबलावर हायत. मी नसतो तर त्यांच्या आज पळ्या झाल्या असत्या, नाय तर वायरी. पोत्यावर पोती भट्टीत गेली, तवा कुठला साहेब बघायला आला नाय. माझ्याच पोराबाळांच्या घरातलं तांबं देऊन मी ते राखलं. आणि आता नोटीस मला?"

दारातला शिपाईसुद्धा आत बघायला लागला.

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "बाबा, जुनं नाणं बाळगणं गुन्हा नाही. विकत घेतलेलं, बदलून घेतलेलं तुमचं. मूर्ती असती, पोथी असती तर नोंदणी लागली असती. नाण्यांना तीही लागत नाही. परदेशात तेवढं विकायचं नाही. तुमच्या डब्याला इथं कोणी हात लावणार नाही. पण जमिनीतून निघालं त्याचा कायदा वेगळा आहे. मला एवढंच सांगा, हा तांब्या जमिनीतला की नाही?"

सर माझ्याकडं बघत होते. त्यांच्या हातातलं भिंग टेबलावर हळूच टेकलं गेलं. मला शाल आठवली, बांधावरचे खड्डे आठवले, आणि त्या खांद्यावरच्या हाताचं वजन आठवलं.

"नाय," मी म्हणालो. "भंगारातला हाय. पेणच्या मोडीतला. शेतातला म्हणून मी खोटं बोललो."

मला वाटलं सर हसतील. ते हसले नाहीत. हसले असते तर सोपं झालं असतं.

साहेब म्हणाले, "आता नोटीस आल्यावर असं म्हणताय. उद्या कोणीही म्हणेल. पुरावा काय?"

माझ्याकडं नव्हता. मी डब्यावरचे हात काढले नाहीत, एवढंच.

मागून गोणपाटाचा आवाज झाला. बायको पुढं आली आणि तिनं टेबलावर अर्धं घंगाळ ठेवलं. कापलेली कड साहेबांच्या बाजूला.

"ह्ये माझ्या लग्नातलं," ती म्हणाली. "ह्यांनी कापलं. त्या तांब्यापायी. आता तुम्हीच सांगा साहेब, शेतात फुकट गावलं असतं तर कुठला गडी बायकोचं घंगाळ कापंल?"

शिपाई हसला आणि लगेच गप्प झाला. साहेबांनी घंगाळाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग सर उठले. त्यांनी तांब्या उचलला, भिंग लावलं, बराच वेळ फिरवून बघितला.

"तोंडाशी दोन ठेचा आहेत," ते म्हणाले. "हातोड्याच्या. बाकी सगळीकडं जुना हिरवा थर आहे, इथंच तो फुटलाय. म्हणजे घाव अलीकडचा. आणि फटीत मातीचा कणही नाही. हा मोडीत आलेला दिसतो." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "यांचा हात आहे तो. ठेचता ठेचता थांबलेला. दुसरा कोणी थांबला नसता."

वीस वर्षांत त्या माणसानं माझ्याबद्दल एवढं चांगलं कधी म्हटलं नव्हतं, आणि ते अशा दिवशी म्हटलं.

कारकुनानं जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. त्यात 'अनवधानाने चुकीची माहिती दिली' असं होतं.

"त्याचा अर्थ काय?"

"म्हणजे, लक्षात न येता. नजरचुकीनं."

"मग खोडा ते. मी चांगला लक्षात घेऊन बोललो होतो. खोटं बोललो असं लिहा."

"आजोबा, तुमच्याच सोयीचं लिहिलंय."

"खोडा."

त्यानं साहेबांकडं बघितलं, साहेबांनी मान हलवली, त्यानं खोडलं. मी पुन्हा सगळं वाचलं. सही करणार, तेवढ्यात कारकून म्हणाला, "शेवटचा रकाना राहिला. याव्यतिरिक्त जमिनीत सापडलेली कोणतीही वस्तू आपल्याकडे आहे का? नाही लिहितो."

पेन कागदावर टेकलंसुद्धा होतं. एक शब्द. कोणाला कळणार नव्हतं. देव्हारा आमचा, आणि त्यात कोणी बघायला येत नाही. मी बायकोकडं बघितलं. ती घंगाळ पिशवीत घालत होती आणि तिचे हात थांबले होते. ती माझ्याकडं बघत नव्हती.

त्याच कागदावर वरती मी 'खोटं बोललो' असं लिहून घेतलं होतं. त्याच्याच खाली आणखी एक कसं लिहू?

"हाय," मी म्हणालो. "एक. चांदीचं. देवाजवळ असतं."

सरांनी मान वर केली. साहेबांनी कारकुनाला थांबायची खूण केली. मग म्हणाले, "ते आणून जमा करावं लागेल, बाबा. पावती मिळेल. पुढं जिल्ह्याला जाईल. सरकारला ठेवायचं असेल तर मोबदला देतील, नको असेल तर परत मिळेल."

"कधी?"

"ते मला सांगता येणार नाही."

डबा आणि तांब्या मला परत मिळाला. मी जिंकलो होतो म्हणायला हरकत नव्हती. रोह्यापासून घरापर्यंत बायको खिडकीबाहेर बघत बसली. घंगाळ तिच्या मांडीवर होतं. घरी आल्यावर तिनं पाय धुतले, देव्हाऱ्यापुढं बसली, आणि पाठमोरीच म्हणाली, "मला इचारलं असतं तर बरं झालं असतं."

"तिथं कसं इचारणार, गो?"

"घंगाळाच्या वेळंलाबी इचारलं नव्हतं."

मी घंगाळ उचललं आणि माळ्यावर ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी मी नाणं न्यायला निघालो तर ती तयार बसलेली. नाणं तिनं स्वच्छ धुऊन कापसात ठेवलेलं, कापूस हळदीच्या करंड्यात. "मीच देणार," ती म्हणाली. "गावलं मला. कागदावर नाव माझं घालायला सांगा."

कचेरीत कारकुनानं सवयीनं माझं नाव लिहायला घेतलं. ती म्हणाली, "थांबा. ह्यांचं नाय, माझं." त्यानं तिचं पूर्ण नाव विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर सरकारी कागदावर तिचं नाव रेशनकार्डाशिवाय पहिल्यांदा लिहिलं जात होतं. 'वस्तू ज्यांना सापडली त्यांचे नाव', त्यापुढं ती. तिनं सही केली, एकेक अक्षर सुटं सुटं. करंडा मात्र तिनं परत मागून घेतला.

पावती देव्हाऱ्यात आहे, त्याच जागी, घडी घालून. तिला हळद लागून लागून कोपरा पिवळा झालाय. परवा तलाठीबाई भेटल्या तेव्हा मी विचारलं. फाइल अलिबागला आहे म्हणाल्या. असू दे. पावतीचा नंबर मी तांब्याला गुंडाळलेल्या कागदावर लिहून ठेवलाय, आणि तिनं तो पाठ केलाय. सर परवा येऊन गेले, नाणं मागायला नाही, तांब्याकडं बघायला. बायकोनं त्यांना चहा दिला आणि विचारलं, अलिबागला त्यांच्या ओळखीचं कोणी आहे का.